आर्क की जपान कप? एकाच रेसचा अभ्यास करायचा असेल तर

परवा भाच्याने विचारलं, मामा, महालक्ष्मीच्या रेसेस आता बऱ्यापैकी कळतात, बाहेरची एक मोठी टर्फ, म्हणजे गवतावरची, घोड्यांची रेस मन लावून अभ्यासायची आहे, पण ऑफिस सांभाळून वेळ एकाच रेसपुरता मिळेल, तर पॅरिसची आर्क (प्री द लार्क द त्रियाँफ) घेऊ की टोकियोचा जपान कप? फोनवर त्याला अर्धवट उत्तर दिलं, म्हणून म्हटलं नीट लिहूनच काढावं, कारण हाच प्रश्न मलाही पडला होता आणि दोन्ही रेसेस मी काही वर्षं करून बघितल्यात.

आधीच सांगतो, हा पैसे लावायचा विषय नाही. आम्ही पाच जण आहोत, रेसच्या आधी वहीत पहिले चार घोडे लिहून ठेवायचे, ज्याचे जास्त जुळले त्याला बाकीच्यांनी दादरला मिसळ खिलवायची, इतकंच. पण अभ्यास मात्र खरा करतो.

दोन्ही 2400 मीटर, आपल्या इंडियन डर्बीएवढंच अंतर, त्यामुळे त्यात निवडण्यासारखं काही नाही. आर्क जिथे होते ते पॅरिसचं लाँगशाँ रेसकोर्स आपल्या महालक्ष्मीसारखं उजव्या हाताचं आहे, टोकियो डाव्या हाताचं, त्याची सवय दोन रेसेस बघितल्या की होते.

आर्कचं कौतुक आधी करतो कारण ते खरंच आहे. वजनाचा अभ्यास शिकायचा तर आर्कसारखी रेस नाही. 3 वर्षांच्या घोड्याला पाठीवर 56.5 किलो, त्याच्यापेक्षा मोठ्याला 59.5, फिलीला म्हणजे घोडीला वर दीड किलो सूट, म्हणजे 3 वर्षांची चांगली फिली मोठ्या घोड्यापेक्षा साडेचार किलो हलकी पळते. हे ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, जेव्हा लहान घोडे अंगाने भरत आलेले असतात. त्यात इंग्लंड, आयर्लंड, जर्मनी, फ्रान्स असा चारही बाजूंचा फॉर्म एकत्र जुळवायचा, कोण कुठल्या रेसमध्ये कोणाला किती लांबीने हरला, ते कोडं सोडवताना रात्रीचे दोन कधी वाजतात कळत नाही. ट्रॅकही गमतीचा आहे, सुरुवातीला चढण, मग उतार, मग तो फॉल्स स्ट्रेट, म्हणजे शेवटच्या खऱ्या स्ट्रेटच्या आधीचा फसवा सरळ तुकडा, जिथे घाई करणारा जॉकी पुढे पस्तावतो. अभ्यासाला खुराक भरपूर.

पण माझं मन जिथे उठलं ती गोष्ट एकच, ग्राउंड, म्हणजे ट्रॅकचं गवत-माती कडक आहे की ओली, जड.

2021 चं सांगतो. तीन आठवडे बसलो होतो. वहीत वर अडायर, ज्याने एप्समची डर्बी आणि किंग जॉर्ज दोन्ही मारले होते, मग हरिकेन लेन, आयरिश डर्बी आणि सेंट लेजरवाला, मग तर्नावा, आदल्या वर्षीची ब्रीडर्स कप टर्फ जिंकलेली घोडी. टोर्क्वाटोर टासो हा जर्मन घोडाही यादीत होता, त्याने महिन्याभरापूर्वीच बाडेनची मोठी रेस जिंकलेली, पण फास्ट ग्राउंडवर याचं काही खरं नाही असं समजून मी पेन्सिलने आडवी रेघ मारून त्याला कापला. ती रेघ अजून वहीत आहे. वीकेंडला पॅरिसमध्ये पाऊस लागला, ग्राउंड पार जड झालं, आणि 72 ला 1 भावाचा तोच घोडा बाहेरून येऊन जिंकला. दुसरी तर्नावा, तिसरा हरिकेन लेन, चौथा अडायर. म्हणजे माझे तीनही घोडे लागोपाठ आले आणि त्यांच्या पुढे मी कापलेला घोडा. घोडे ओळखण्यात चूक नव्हती हो, चूक एवढीच की मी ज्या ग्राउंडचा अभ्यास केला ते ग्राउंड रविवारी तिथे नव्हतंच.

एकदाच झालं असतं तर सोडून दिलं असतं. 2019 ला एनेबल ही घोडी तिसऱ्यांदा आर्क मारणार म्हणून आम्ही सगळे टीव्हीसमोर, ग्राउंड जड, शेवटच्या टप्प्यात वाल्डगाइस्ट आला आणि घेऊन गेला. जपानी घोड्यांचंही बघा, ऑर्फेव्र 2012 ला स्ट्रेटमध्ये सगळ्यांना सोडून निघाला होता आणि मऊ ग्राउंडवर सोलेमियाने अगदी शेवटी गाठला. 2025 पर्यंत एकाही जपानी घोड्याला आर्क जमलेली नाही, त्याला कारणं बरीच असतील, पण तिथल्या ऑक्टोबरच्या ओल्या गवताचा हात त्यात मोठा आहे असं मला वाटतं. पेनिट्रोमीटरचं, म्हणजे ग्राउंड किती मऊ आहे ते मोजणाऱ्या यंत्राचं, रीडिंग तिथेही देतात, आपल्या महालक्ष्मीला बघतो तसंच, पण शुक्रवारचं रीडिंग रविवारी टिकेल याची खात्री कोण देणार.

आता जपान कप. नोव्हेंबरचा शेवटचा रविवार. इथेही पाऊस पडतोच, 2019 ला ग्राउंड जड होतं, त्यामुळे कधीच होत नाही असं मी म्हणणार नाही. पण बहुतेक वर्षी टोकियोचं गवत कडक आणि फास्ट मिळतं, आणि त्या आधीच्या मोठ्या रेसेस त्याच ट्रॅकवर त्याच गवतावर होतात, म्हणून केलेला अभ्यास रविवारपर्यंत शिळा होत नाही. शिवाय माहिती केवढी! प्रत्येक घोड्याचा शेवटच्या 600 मीटरचा टाइम वेगळा छापतात, रेसच्या दिवशी घोड्याचं अंगाचं वजन आणि मागच्या रेसपेक्षा किती किलो वाढलं किंवा उतरलं तेही सांगतात, आणि 2020 पासून ग्राउंड किती कडक आहे त्याचा आकडासुद्धा जाहीर होतो.

डू ड्यूसचं उदाहरण देतो, यावरून कळेल मी का भाळलो. 2024 च्या ऑक्टोबरअखेर टोकियोलाच 2000 मीटरच्या शरद तेन्नो शोमध्ये त्याने शेवटचे 600 मीटर 32.5 सेकंदांत काढले. तो आकडा मी वहीत दोनदा अधोरेखित केला, एकदा निळ्या पेनाने आणि मग लाल. चार आठवड्यांनी तोच ट्रॅक, तोच सव्वापाचशे मीटरचा लांब स्ट्रेट, फक्त अंतर 400 मीटर जास्त. रेस सुरुवातीला मंद पळाली, त्याने आधीच हालचाल केली आणि तरी शेवटचे 600 मीटर 32.7 मध्ये मारून जिंकला. जे कागदावर वाचलं तेच डोळ्यासमोर घडलं, आणि तो आनंद मला आर्कने कधी दिला नाही.

जपानची एक बाजू कमकुवत आहे तीही सांगायला हवी. बाहेरून आलेल्या घोड्याचं माप घेणं अवघड जातं. 2005 च्या अल्कासेडनंतर वीस वर्षं परदेशी घोडा जिंकला नव्हता, म्हणून आम्ही त्यांना सरळ खाली ढकलायला शिकलो होतो, आणि 2025 ला फ्रान्सचा कॅलँडॅगन आला, जिंकला, वर आल्मंड आय या घोडीचा 2018 चा 2 मिनिटं 20.6 सेकंदांचा विक्रमही मोडला. कॅलँडॅगन खच्ची केलेला घोडा आहे, 2025 पर्यंत आर्कमध्ये अशा घोड्यांना प्रवेशच नव्हता, म्हणजे युरोपातला इतका तगडा घोडा तेव्हा आर्कवाल्याच्या वहीत येऊच शकत नव्हता आणि जपान कपवाल्याला तो ओळखता यायला हवा होता. माझ्या वहीत तो तिसरा होता. त्यामुळे जपान घेतलंस तरी युरोपच्या फॉर्मकडे एक डोळा ठेवावाच लागेल.

ज्याला ब्लडलाइन, वजन, चार देशांचा फॉर्म यातच रस आहे आणि शेवटच्या रात्री सगळं उलटंपालटं झालं तरी चालतं, त्याने आर्क घ्यावी, मी कोणाला अडवणार नाही. पण तू विचारतोयस आणि तुझ्याकडे रोजचा एक तासच आहे, तर मी म्हणेन जपान कपपासून सुरू कर. ऑक्टोबरअखेरची तेन्नो शो न चुकता बघ, 600 मीटरचे टाइम वहीत उतरव, ड्रॉ, म्हणजे कुठला घोडा कुठल्या गेटातून सुटणार ते, आला की मग नावं लाव, त्याच्या आधी नको. रविवारी दुपारी बाराच्या सुमारास रेस असते, माझ्याकडे ये, जेवण करू, वह्या उघडू, आणि महालक्ष्मीचा सीझन सुरू झाला असेल तर माझ्याकडूनच स्लो लोकल पकडून रेसकोर्सवर जाऊ.