युरेल पास: एक्सचेंजच्या जुन्या मित्रांना गाठायला

स्टुडंट एक्सचेंजवर आपल्याकडे राहून गेलेली मुलं आज कुणी म्युनिकला, कुणी व्हिएन्नाला, कुणी पॅरिसला. सगळ्यांना एकाच फेरीत भेटायचं तर युरेल ग्लोबल पास, म्हणजे युरोपातल्या रेल्वेचा एकत्रित पास, खरंच कामाचा. पास 33 देशांत चालतो. दोन महिन्यांत 10 प्रवासदिवसांचा प्रकार घ्या. मित्राच्या घरी मुक्काम असताना दिवस खर्ची पडत नाही.

जर्मनी-ऑस्ट्रियात बहुतेक गाड्यांना आरक्षण सक्तीचं नाही. मित्राच्या आईने जेवायला थांबवलं, आणि थांबवतातच, तर पुढची गाडी धरता येते. फ्रान्सची टीजीव्ही आणि युरोस्टार या वेगवान गाड्यांचं तसं नाही: आरक्षणाचे पैसे वेगळे, पासवाल्यांना जागा मोजक्याच. म्हणून पॅरिसची तारीख सगळ्यात आधी पक्की करा.

चूक होते ती पासच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये. गाडीत चढण्यापूर्वी प्रवास पासला जोडायचा, तेव्हाच तिकीट तपासनिसाला दाखवायचा क्यूआर कोड तयार होतो. नुसता पास उघडून दाखवणं पुरत नाही. रात्रीची गाडी मध्यरात्रीआधी सुटली आणि वाटेत बदलायची नसेल, तर एकच दिवस मोजतात. 27 वर्षांपर्यंत युवा सवलत आहे.

युरोपातच राहणाऱ्या मराठी मंडळींना हा पास मिळत नाही, त्यांच्यासाठी इंटररेल हा तसाच वेगळा पास. आणि एकाच शहरात एकच मित्र असेल तर आगाऊ काढलेलं सुटं तिकीट स्वस्त पडतं.