‘शुद्ध निंबतेल’ म्हणून दारावर घेतलेली बाटली

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. नाशिकला आमच्या गच्चीतल्या जास्वंदीच्या शेंड्यांवर पांढरा कापूस धरला होता. पानं चिकट, कळ्या न उमलताच गळायच्या. गणपतीला रोज याच झाडाचं फूल असतं, त्यामुळे जीव तुटत होता. नेमकी तेव्हाच रोपांची हातगाडी घेऊन एक जण दाराशी आला.

“ताई, मुळात रोग शिरलाय. सगळी झाडं जातील. हे शुद्ध निंबतेल, पोटात गेलं तरी काही होत नाही.”

आठशे रुपये घेतले आणि भर उन्हात सगळीकडे फवारलं, कढीपत्त्यावर नि तुळशीवरसुद्धा. उरलेली बाटली मला दिली. तिच्यावर कसलंच लेबल नव्हतं.

तासाभरात किडे टपाटप पडले. मी खूश झाले, पण शंका तिथेच यायला हवी होती. निंबतेलाने कीड अशी झटपट मरत नाही. तिचं खाणं आणि वाढ हळूहळू थांबते. दुसऱ्या दिवशी सासूबाई काढ्यासाठी तुळस खुडायला गेल्या आणि पान नाकाशी धरून थबकल्या. “अगं, याला रॉकेलसारखा वास येतोय.” रात्री बाटली बाहेर गारठ्यात ठेवली. शुद्ध निंबतेल अशा थंडीत घट्ट होतं. हे पाण्यासारखं पातळच राहिलं.

कृषी सेवा केंद्रातले दादा म्हणाले, रासायनिक कीटकनाशक दिसतंय, कोणतं ते लेबलाशिवाय कसं सांगणार? कीटकनाशक कायदा १९६८ पासून आहे. डब्यावर नोंदणी क्रमांक, बॅच, मुदत आणि विषारीपणा दाखवणारा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असावाच लागतो. हे नसेल तर बाटलीला हातही लावू नका, विकणारा कितीही गोड बोलू दे.

तीन आठवड्यांत कापूस परत आला. तो रोग नव्हताच, पिठ्या ढेकूण होता, म्हणजे झाडाचा रस शोषणारी पांढरी कीड. त्याच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्याला राखतात, म्हणून आधी मुंग्यांची वाट बंद केली. किडके शेंडे कापून पिशवीत बांधून टाकले, बाकीचे ढेकूण स्पिरिटच्या बोळ्याने पुसले. मग लेबल असलेलं निंबतेल लिटरभर पाण्यात ५ मिली, थोडा पातळ साबण घालून, संध्याकाळी पानांच्या खालून. दर आठवड्याला एकदा, असं तीनदा. जास्वंद सावरली.

कढीपत्ता मुळापासून छाटला. तुळस सासूबाईंनी दुसऱ्या कुणाला उपटू दिली नाही. हात जोडून स्वतःच काढली.