सीपी क्लासमध्ये माझे ५५,४६० रुपये गेले, कोल्हापूरच्या पोरांनो हे वाचा

लाज वाटते लिहायला, पण परवा आमच्याच कॉलेजचा एक ज्युनियर त्याच क्लासची चौकशी करताना दिसला म्हणून लिहितोय. राजारामपुरीतला सीपीचा, म्हणजे कॉम्पिटिटिव्ह प्रोग्रामिंगचा क्लास (ठरलेल्या वेळेत कोड लिहून प्रॉब्लेम सोडवायच्या स्पर्धा), नाव टाकत नाही कारण तक्रार करायची आहे. फी ३५,००० आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४१,३००. क्लासवाले म्हणाले, सहा महिन्यांत कोडफोर्सेसवर (या स्पर्धा भरवणारी साइट) एक्सपर्ट करतो, म्हणजे १६०० रेटिंग, नाहीतर पैसे परत. बाबा शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत आहेत, त्यांनी पतसंस्थेतनं कर्ज काढलं.

तुम्ही म्हणाल नेटवर सगळं फुकट असताना पैसे कशाला भरलास. मला पण माहीत होतं की. पण प्रोग्रामिंगची भाषा सी प्लस प्लस घ्यायची का जावा का पायथन, यातच माझे दोन महिने व्हिडिओ बघण्यात गेले, प्रत्येकाचं वेगळंच. अशात समोरचा माणूस छातीठोकपणे म्हणतो, "पायथन घे, बाकी माझ्यावर सोड," तर कोण ऐकणार नाही?

कळायला पाहिजे होतं ते डेमोच्या दिवशीच. प्रॉब्लेम साधा होता, दोन लाख संख्या दिल्यात, त्यातल्या कुठल्या दोनची बेरीज एक्स होते ते शोधा, वेळ एक सेकंद. सरांनी लूपमध्ये लूप लावला, म्हणजे एकेक जोडी तपासायची, आणि टाइम लिमिट एक्सीडेड, म्हणजे वेळ संपली, असं आलं. सर म्हणाले, "जजचा (कोड तपासणाऱ्या साइटचा) सर्व्हर स्लो आहे आज." मी पहिल्या बाकावर होतो, मनात शंका आली आणि मी गप्प बसलो. तेवढं एकदा तोंड उघडलं असतं तर! दोन लाखांच्या जोड्या होतात दोन हजार कोटी, सी प्लस प्लसमध्ये सेकंदाला साधारण दहा कोटी साध्या क्रिया धरतात, म्हणजे कुठल्याच भाषेत ते बसणार नव्हतं. आधी सॉर्ट करून, म्हणजे चढत्या क्रमानं लावून, दोन टोकांनी आत यायचं, की पायथनमध्ये पण पास होतं. चूक भाषेची नव्हतीच, सरांना येत नव्हतं.

तीन महिन्यांनी तेच सर म्हणाले पायथन स्लो आहे, सी प्लस प्लसची ॲडव्हान्स्ड बॅच घ्या, १२,००० अधिक जीएसटी, १४,१६०. आधीचे पैसे वाया जाऊ नयेत म्हणून हे पण भरले, माझ्या जागी तुम्ही पण भरले असते. तिथं इंट (पूर्ण संख्येचा साधा प्रकार) २१४ कोटींच्या पुढं फुटतो, लाँग लाँग (मोठ्या संख्येचा प्रकार) घ्यायला लागतं, एवढंसुद्धा कुणी सांगितलं नाही, मी आठवडाभर राँग आन्सर बघत बसलेलो. आणि नोट्स? सीएसईएस या सरावाच्या साइटचेच प्रॉब्लेम, शब्द न् शब्द, वर यांचा लोगो. सीएसईएस फुकट आहे, युसाको गाइड ही शिकायची साइट फुकट आहे, कोडफोर्सेसच्या काँटेस्टला एक रुपया लागत नाही. डेमोला सरांचं स्वतःचं कोडफोर्सेसचं हँडल (खात्याचं नाव) मागा, दाखवत नसतील तर उठा.

रेटिंग झालं ९४३. पैसे मागितले तर पावतीच्या मागची बारीक अक्षरं दाखवली, ९० टक्के हजेरी पाहिजे, माझी ८६. पावतीवर जीएसटी नंबर नाही, बघा म्हणजे तो १८ टक्के कुणाच्या खिशात गेला. पावती घेतानाच नंबर बघा रे.

पोलिसांकडं गेलो तर "तू स्वतः भरलेस की, ही फसवणूक कशी?" दुसऱ्यांदा गेलो तर साहेब बंदोबस्ताला, तिसऱ्यांदा अर्ज घेतला पण पोच द्यायला नकार. ग्राहक हेल्पलाइनवर तक्रारीचा नंबर मिळाला, वीस दिवसांनी मेसेज, तक्रार बंद, का ते नाही. कॉलेजात सांगितलं तर म्हणे बाहेरच्या क्लासशी आमचा संबंध नाही, पण त्याच क्लासचं पोस्टर यांच्याच नोटीस बोर्डावर दोन महिने होतं, ते कुणी लावू दिलं? बाबांनी या चकरांसाठी चार खाडे केले, त्याचा पगार कापला तो वेगळाच.

आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही आणि मुदत २ वर्षं आहे, त्यामुळं जुन्या बॅचवाल्यांनी पण गप्प बसू नका. पैसे यूपीआयनंच भरा, रोख दिलेल्या दोघांकडं आज काहीच पुरावा नाही. आम्ही सात जण झालोय, ज्यांच्याकडं पावतीचा दोन्ही बाजूंचा फोटो आहे त्यांनी मला मेसेज करा, रविवारी बसून अर्ज लिहायचाय.