आटे जुळले म्हणजे डाय बसली असं नाही: एकच संच दोन प्रेसवर वापरून झाल्यावर

घरी काडतुसं भरायच्या प्रेससाठी डायचा संच घेतला (पुंगळीला, म्हणजे काडतुसाच्या कवचाला, आकार देणारी, गोळी बसवणारी अशी आटे असलेली साधनं). माझ्या एका प्रेसवर तो नीट बसेना. परत घ्या म्हटलं तर गेल्या आठवड्यात दुकानदाराशी फोनवर चांगलंच वाजलं, म्हणून हे लिहायला बसलो. त्याचं पालुपद एकच: "आटे ७/८-१४ चे (७/८ इंच व्यास, इंचाला १४ आटे) आहेत ना? मग डाय कुठल्याही प्रेसला बसते. परत घेणार नाही." आटे बसतात, त्याबद्दल वादच नाही. अडतं ते डायच्या लांबीवर आणि लॉक रिंगवर, म्हणजे डाय जागेवर आवळून धरणाऱ्या कडीवर, आणि त्याबद्दल डब्यावर एक अक्षर नाही.

माझ्याकडे एका वेळी एकच डाय बसणारा जुना आरसीबीएस रॉक चकर प्रेस आहे, आणि गेल्या वर्षी चार डाय शेजारी-शेजारी बसणारा डिलनचा आरएल ५५० घेतला. इथे ह्यूस्टनला नेमबाजीच्या रेंजवर ९ मिमी पिस्तूल भरपूर चालवतो. कारखान्याची काडतुसं घेऊन ते परवडत नाही, म्हणून तर घरी भरायची. तेव्हा डायचा एकच संच दोन्ही प्रेसवर वापरायचा, हा हिशोब ठरलेलाच होता. दोन-दोन संच घ्यायचे तर बचत कसली?

रॉक चकरवर काहीच तक्रार नाही. ५५० वर मात्र टूलहेड, म्हणजे डाय बसवायची पाटी, जाड. साइझिंग डाय (पुंगळी पुन्हा मापात आणणारी) शेलप्लेटजवळ, म्हणजे पुंगळ्या धरणाऱ्या खालच्या चकतीजवळ, येईपर्यंत खाली फिरवली की वर जेमतेम दीड-दोन आटे उरतात. तेवढ्यावर लॉक रिंग काय धरणार? त्यात या संचाच्या रिंगांना आत रबराची ओ-रिंग. बोटाने आवळायला सोयीची, पण डाय काढून दुसऱ्या प्रेसवर नेली की आधीची जागा गेलीच. दर वेळी पुन्हा मोजणी.

कुणी म्हणेल, रिंगेवरून एवढं काय? गोळी बसवणारी सीटिंग डाय थोडी खाली गेली तरी गोळी ठरल्यापेक्षा खोल बसते, पुंगळीतली जागा कमी होते आणि दाब वाढतो. ९ मिमीची पुंगळी आधीच लहान, तिथे हा फरक अंगावर येऊ शकतो. म्हणून डाय हलवली की पहिली काही काडतुसं कॅलिपरने मोजल्याशिवाय मी पुढे जात नाही, आणि तुम्हीही जाऊ नका.

सुरुवातीला माझं ठाम मत झालं होतं की आखूड डाय ५५० साठी निकामी. आता तसं म्हणणार नाही. लॉक रिंग टूलहेडच्या वर न लावता खालच्या बाजूने लावली की खालचे भरपूर आटे मिळतात आणि डाय घट्ट बसते. रेंजवरच्या एका काकांनी हे दाखवलं, तेही पाना हातात धरून, दोन मिनिटांत. ओ-रिंगवाल्या रिंगा काढून आता स्क्रूने आवळायच्या, कापलेल्या स्टीलच्या रिंगा घातल्या आहेत. थोडे डॉलर गेले, पण नव्या संचापेक्षा कितीतरी स्वस्त. लावताना एवढं पाहा की रिंगेचा स्क्रू शेजारच्या डायकडे तोंड करून राहणार नाही. तसा राहिला तर ॲलन की आत शिरत नाही आणि सगळं पुन्हा उघडावं लागतं.

तरीही एका प्रेसवरचं सेटिंग दुसऱ्यावर जसंच्या तसं चालेल ही आशा सोडा. एकीकडे एकच पुंगळी धरणारा शेलहोल्डर, दुसरीकडे शेलप्लेट, उंची वेगळी. रिंग फक्त जवळपास आणून सोडते. साइझिंग डाय कार्बाइडची असेल तर शेलप्लेटपासून कागदाइतकी फट ठेवा. आतली कार्बाइडची कडी कठीण असते तशीच ठिसूळही, धक्क्याने तडकते.

उलट बाजूचीही एक गोष्ट. डिलनच्या पिस्तूल संचात पुंगळीचं तोंड फाकवायची वेगळी डाय नसते. ते काम बंदुकीची दारू मोजून सोडणाऱ्या मापाखालचं फनेलच करतं. तो संच रॉक चकरसारख्या साध्या सिंगल स्टेज प्रेसवर न्यायचा तर एक्सपांडर डाय वेगळी विकत घ्यावी लागते. पण त्याच संचाची सीटिंग डाय मित्राकडे वापरून पाहिली आणि खरंच हरखून गेलो. वरची क्लिप ओढली की आतला भाग हातात येतो. शिशाच्या गोळ्यांचं साचलेलं मेण पुसून तो परत घातला तरी सेटिंग हललेलं नसतं. माझ्या संचात तेवढ्यासाठी अख्खी डाय उघडावी लागते. शिवाय डिलनच्या त्या संचातल्या साइझिंग डायचं तोंड रुंद गोलाईचं आहे. पुंगळी थोडी तिरकी आली तरी आत सरकते, फक्त तळाजवळचा थोडा भाग साइझ व्हायचा राहतो.

जुन्या बाजारात डिलनचा स्क्वेअर डील बी प्रेस स्वस्तात दिसला आणि घरात ७/८-१४ च्या डाय पडून असतील, तर मोह आवरा. त्याला फक्त त्याच्याच वेगळ्या डाय लागतात.

दुकानदाराने संच परत घेतला नाही तो नाहीच. डाय चांगल्याच आहेत, वापरतोही आहे. पण ज्याला दहा डॉलरचाही विचार करावा लागतो त्याने घेण्याआधी डायची लांबी विचारावी, आणि विकणाऱ्यांनी ती डब्यावर मिलिमीटरमध्ये छापावी.