होनिंग्सवोग की लाँगइयरब्येन? क्रूझ बुक करायच्या आधी हे बघा

नॉर्वेच्या पार वरच्या क्रूझ बघायला बसलं की ही दोन नावं सारखी येतात. ब्रोशरमधले फोटो पण तसेच, रंगीत लाकडी घरं, मागे उघडाबोडका डोंगर, त्यामुळे वाटतं कुठलंही घ्या, काय फरक पडतो. पडतो, चांगलाच पडतो.

होनिंग्सवोग म्हणजे खरं सांगायचं तर नॉर्थ केपला, म्हणजे युरोपचं उत्तर टोक म्हणून प्रसिद्ध असलेल्या कड्याला, जायचा बस स्टँड. जहाजातून उतरलं की बस उभीच असते, 34 किलोमीटर, पाऊण तास, वाटेत उन्हाळ्यात चरायला आणलेले सामी लोकांचे रेनडिअर दिसतात, आणि मग एकदम 307 मीटर उंच कडा आणि पुढे नुसता समुद्र. लोखंडी पृथ्वीगोलापाशी फोटोला ही गर्दी. गंमत म्हणजे हे होनिंग्सवोग ज्या बेटावर आहे त्या बेटाचंसुद्धा सगळ्यात उत्तरेचं टोक नाहीये, शेजारचं क्निव्हशेलोडेन नावाचं बुटकं टोक अजून थोडं पुढे घुसलंय, पण तिथे जाऊन-येऊन 18 किलोमीटर चालायचं म्हटल्यावर क्रूझवाला कोण जातोय! आणि धुकं. धुकं आलं की कडा सोडा, समोरचा गोल पण दिसत नाही, मग आत हॉलमध्ये बसून फिल्म बघायची आणि कॉफी प्यायची. हा जुगार आहे हे धरूनच जा.

गावाकडे मात्र कोणी बघत नाही, ह्याचं मला वाईट वाटतं. 1944 मध्ये जर्मन सैन्याने माघार घेताना सगळं गाव जाळलं, उरलं फक्त 1885 चं पांढरं चर्च, आणि परत आलेले लोक सुरुवातीला त्या चर्चमध्येच राहिले. बंदरावरून चालत जाता येतं, बसमधून आल्यावर अर्धा तास उरला तर तिकडे जा, फ्रिज मॅग्नेट कुठेही मिळतात.

लाँगइयरब्येनचं उलटं आहे. तिथे गाव हेच बघायचं ठिकाण. 78 अंश उत्तर, साधारण अडीच हजार वस्ती, 1906 मध्ये जॉन लाँगइयर नावाच्या अमेरिकन माणसाने कोळशासाठी वसवलेलं, आणि तिथली शेवटची खाण 2025 मध्ये बंद झाली. कोळसा वाहणाऱ्या रोपवेचे लाकडी खांब अजून डोंगरउतारावर उभे आहेत, ते बघून मला त्या कड्यापेक्षा जास्त काहीतरी वाटलं. पण गावाच्या हद्दीबाहेर पांढऱ्या अस्वलांमुळे बंदूकवाल्या गाईडशिवाय जायचं नाही, म्हणजे "जरा पुढे चालून येऊ" हा प्रकार नाही. जगभरच्या पिकांचं बियाणं जपून ठेवणारी ती प्रसिद्ध तिजोरी पण फक्त दारापर्यंत, आत सोडत नाहीत.

आता खरा मुद्दा. लाँगइयरब्येन ज्या बेटसमूहात आहे त्या स्वालबार्डच्या संरक्षित भागात 2025 पासून 200 पेक्षा जास्त प्रवासी असलेलं जहाज जाऊ शकत नाही, त्यामुळे दोन-तीन हजार माणसांच्या जहाजाने गेलात तर गाव बघून परत, हिमनद्या-वॉलरस वगैरे जे डोक्यात असतं त्यातलं बरंचसं छोट्या जहाजवाल्यांनाच. छोटं जहाज खिशाला खूप जड जातं, हे पण खरं. त्यांच्या रूटमध्ये न्यू-ओलेसुन हे संशोधकांचं छोटं गाव असेल तर सोन्याहून पिवळं, तिथे 2008 पासून आपलं हिमाद्री संशोधन केंद्र आहे, आणि त्याचा कारभार चालतो गोव्यातल्या वास्कोहून.

व्हिसाचं नीट ऐका. होनिंग्सवोग शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटात, येतं, स्वालबार्ड येत नाही, म्हणजे ओस्लोहून तिकडे जाऊन परत आलात की दुसरी एंट्री झाली. आपल्या पासपोर्टवर सिंगल एंट्री शिक्का असेल तर परतीला घोळ, म्हणून अर्ज करतानाच डबल किंवा मल्टिपल मागा.

मध्यरात्रीचा सूर्य हवा असेल तर नॉर्थ केपला मे मधल्यापासून जुलैअखेरपर्यंतच, ऑगस्टची स्वस्त क्रूझ घेऊन मग रडू नका. लाँगइयरब्येनला तो ऑगस्टच्या विशीपर्यंत मावळत नाही. थंडी मात्र जास्त, जुलैत पण सहा-सात डिग्री आणि वर वारा.

माझं विचाराल तर आई-बाबांना घेऊन, मोठ्या जहाजाने, पहिल्यांदा जाताय तर होनिंग्सवोग. बस दारात, चालणं कमी, आणि "टोकाला जाऊन आलो" हे घरी सांगता येतं. दोघंच असाल, पैसे साठवायची तयारी असेल तर दोन वर्षं थांबा, पण लाँगइयरब्येन छोट्या जहाजानेच करा, मोठ्याने अजिबात नको. आणि जाताना मोजे धड घाला, खाणकामगारांच्या काळापासूनची पद्धत म्हणून म्युझियमच्या दारात बूट काढायला लावतात, माझा अंगठा बाहेर आला होता.