१४४१६ टेलिमानस: फोन झकास, पुढचं रामभरोसे

धाकट्या दिरासाठी रात्री हडपसरहून १४४१६ लावला, म्हणजे टेलिमानस ही मानसिक त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन. भाषेत मराठी निवडली, आणि पलीकडच्या ताईंनी अजिबात घाई न करता ऐकून घेतलं. झोप लागते का, जेवतो का, जीव द्यायची भाषा करतो का, सगळं आडपडदा न ठेवता विचारलं. सेवा फुकट, चोवीस तास. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, तरी आमच्या सोसायटीत कुणाच्या गावीही नाही!

घोडं अडलं ते पुढे. सरकारी दवाखान्यात गेलो तर खिडकीवरच्या माणसाला या फोनचा पत्ताच नाही. सगळी कहाणी पुन्हा पहिल्यापासून, तीही रांगेतल्या लोकांदेखत. दीर मान खाली घालून केसपेपरची सुरळी करत राहिला. डॉक्टर मात्र नीट बोलले, गोळ्याही तिथेच मिळाल्या. पुढच्या तारखेला गेलो नसतो तर कुणी विचारलं नसतं.

२०१७च्या कायद्याने मानसिक उपचार हा हक्क झालाय. राज्यभर सेवा वाढवा की, पण आधी फोन, दवाखाना आणि वस्तीतल्या आशाताई यांची एकमेकांशी गाठ घालून द्या. फोनला पाचपैकी पाच. बाकीला दोन, तेही डॉक्टरांमुळे.