२′-एफएल भुकटी: विषाणूच्या प्रयोगांसाठी फूड ग्रेड घ्यावी का?

ई. कोलाय जिवाणूकडून बनवून घेतलेली, आईच्या दुधातल्या २′-फ्युकोसिललॅक्टोज (२′-एफएल) या साखरेची ही फूड ग्रेड भुकटी म्हणजे बाळांच्या दूध पावडरीत जाते तीच. साखर म्हणून माल चोख आहे, पण पाकीट फोडून थेट पेशींवर घालू नका.

या जिवाणूचं लॅक्टोज तोडणारं लॅकझेड जनुक काढलेलं असतं, त्यामुळे तो लॅक्टोज फस्त करत नाही. हेलिकोबॅक्टर पायलोरी या दुसऱ्या जिवाणूचं फ्युटसी एन्झाइम त्याच लॅक्टोजवर फ्युकोज ही छोटी साखर चढवतं. जुलाब-उलट्यांचा नोरोव्हायरस आतड्यात अशाच फ्युकोजवाल्या साखरांना चिकटतो. २′-एफएल विषाणूची चिकटण्याची खाच आधीच अडवते, पण पकड ढिली असल्याने मात्रा मिलिमोलरमध्ये (लिटरमागे किती रेणू याचं माप), म्हणजे बरीच लागते. सिक्रेटर मातांच्या (ज्यांच्या दुधात ही साखर मुबलक उतरते अशा) दुधात साधारण २ ते ३ ग्रॅम प्रतिलिटर, म्हणजे ४ ते ६ मिलिमोलर असते.

१०० मिलिमोलरच्या साठवणीच्या दाट द्रावणासाठी १० मिलिलिटरला ४८८ मिलिग्रॅम हा हिशेब कागदावरचा. कोरड्या वजनावर ९४% शुद्धता आणि ५% ओलावा असेल तर ५४७ मिलिग्रॅम घ्यावे लागतात. साध्या पाण्यात झटकन विरघळते. ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणं) नको, काही रेणू फ्युकोसिल-लॅक्ट्युलोजमध्ये बदलतात. निर्जंतुक करायला ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा.

खरी गोम एन्डोटॉक्सिनची, म्हणजे ई. कोलायच्या आवरणातून मालात उरणाऱ्या विषारी अंशाची. खाद्यपदार्थाला चालणारी मात्रा पेशींना चालत नाही. पेशी त्याने चिडून इंटरफेरॉन (विषाणूला रोखणारी प्रथिनं) सोडू शकतात, विषाणू घटतो आणि श्रेय साखरेला जातं! ०.२२ चा फिल्टर किंवा ऑटोक्लेव्ह इथे कामाचा नाही. १० किलोडाल्टनच्या अल्ट्राफिल्टरमधून गाळा: ४८८ डाल्टनची साखर खाली उतरते, एन्डोटॉक्सिनचे गठ्ठे बहुतांशी वर राहतात. मग एन्डोटॉक्सिन मोजणारी एलएएल चाचणी, तीही द्रावण पातळ करून आणि स्पाइक (माहीत मात्रेचं एन्डोटॉक्सिन) टाकून, कारण दाट साखर चाचणीतच अडथळा आणू शकते. तुलनेच्या कंट्रोलला तेवढ्याच मोलॅरिटीचं लॅक्टोज हवं, नुसतं बफर नाही.

लाळेवर व्हीएलपी (विषाणूची नुसती पोकळ कवचं) चिकटवून मोजण्याच्या एलायझा चाचणीला हीच भुकटी बिनधास्त वापरा, तिथे जिवंत पेशीच नसतात. एन्टेरॉइडसाठी (प्रयोगशाळेत वाढवलेल्या आतड्याच्या पेशींचे गोळे) मात्र कमी एन्डोटॉक्सिनचा लॉटच मागवा. ऑर्डरआधी त्या लॉटचा सीओए (तपासणीचं प्रमाणपत्र) मागा. त्यात एन्डोटॉक्सिन, उरलेलं लॅक्टोज आणि डायफ्युकोसिललॅक्टोज (दोन फ्युकोज चढलेलं लॅक्टोज) हे तीन आकडे वेगवेगळे नसतील तर दुसरा पुरवठादार बघा. पावसाळ्यात पाकीट सिलिका जेलसह बंद ठेवा, ओल धरून भुकटीचे गोळे होतात आणि वजनाचा हिशेब फसतो.